‘देवानांप्रिय’ शब्दाचा ‘मूर्ख’ हा अर्थ : एक पुनर्विचार

१

संस्कृतच्या अभ्यासकाला ‘देवानांप्रिय’ हा शब्द दोन निरनिराळ्या ठिकाणी भेटतो. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात तो मौर्य सम्राट अशोकाचे बिरुद म्हणून येतो. शिलालेखांतून स्वतःचा उल्लेख करताना हा राजा बहुधा आपले नाव सांगत नाही, ‘देवानांप्रिय प्रियदर्शी राजा’ एवढेच म्हणतो. व्याकरणाच्या अभ्यासात हाच शब्द भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदीतील अलुक्समासाच्या प्रकरणात येतो आणि तेथे त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा बांधून दिलेला असतो. देवांचा आवडता असा हा शब्द मूर्खाचा वाचक कसा झाला, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात साहजिकच उभा राहतो.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर ठरून गेल्यासारखे आहे. अशोक बौद्ध धर्माचा पुरस्कर्ता. वैदिक परंपरेतील पंडितांना त्याच्याविषयी द्वेष. म्हणून त्यांनी त्याचे बिरुद उचलून त्याला ‘मूर्ख’ हा अर्थ चिकटविला, असे ते उत्तर आहे. ते अध्यापनात सांगितले जाते, पुस्तकांतून पुनःपुन्हा छापले जाते, आणि एका संप्रदायाने दुसऱ्याशी कसा व्यवहार केला ह्याचा भाषिक पुरावा म्हणून पुढेही केले जाते. उत्तर सुटसुटीत आहे, स्मरणात राहण्यासारखे आहे. परंतु ज्या ग्रंथांवर ते आधारलेले असावयास हवे ते ग्रंथ कालक्रमाने मांडून पाहिले म्हणजे ह्या उत्तराच्या मुळाशी पुरावा फार थोडा आहे असे दिसून येते. तो पुरावा तपासणे आणि त्यातून निघणारा वेगळा निष्कर्ष मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट. वैदिक व श्रमण परंपरांत वैर नव्हते, असे येथे सुचवावयाचे नाही. तसे वैर होते. खुद्द पतंजलीने, ज्यांचा विरोध शाश्वत असतो त्यांच्या द्वंद्वसमासाचे उदाहरण म्हणून श्रमण आणि ब्राह्मण ही जोडी दिली आहे. प्रश्न वैराच्या अस्तित्वाचा नसून ह्या विशिष्ट शब्दाच्या अर्थान्तरास ते वैर कारण झाले काय, एवढाच आहे.

२

प्रथम बिरुदाचाच विचार करू. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप ह्याने अशोककालीन ब्राह्मी लिपी वाचली तेव्हा हा ‘देवानांप्रिय’ राजा कोण, हे त्यास ठाऊक नव्हते. सिंहलद्वीपाच्या बखरींत देवानांपिय तिस्स नावाचा राजा आढळतो. हे लेख त्याचेच असावेत असा प्रिन्सेपचा प्रथम समज झाला. त्याच वर्षी जॉर्ज टर्नर ह्याने सिंहली पाली ग्रंथांच्या आधारे हा राजा म्हणजे अशोक होय असे दाखविले. पुढे १९१५ मध्ये आजच्या कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात मस्की येथे सापडलेल्या लेखात ‘देवानांप्रिय’ ह्या शब्दाला लागूनच अशोकाचे नाव आले, आणि शंकेला जागा उरली नाही. प्रिन्सेपची चूक मात्र आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्या बिरुदाने अशोक ओळखला जावा ते त्याचे एकट्याचे नव्हते, म्हणूनच ही चूक संभवली.

बिरुद सामायिक होते ह्याला आणखी दोन भक्कम आधार आहेत. पहिला आधार गयेजवळच्या नागार्जुनी टेकडीवरील गुहालेखांचा. अशोकाचा नातू दशरथ ह्याने ह्या गुहा आजीविक पंथाच्या साधूंना दिल्या, आणि त्या लेखांत दशरथानेही स्वतःस हेच बिरुद लावले आहे. दान आजीविकांना आहे, बौद्धांना नव्हे. तेव्हा ह्या बिरुदाला बौद्ध धर्माची मुद्रा मानण्यास येथेच अडथळा येतो.

दुसरा आधार त्याहून महत्त्वाचा आहे. अशोकाच्या आठव्या शिलाशासनात, पूर्वीचे राजे विहारयात्रांना, मृगयेला जात असत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या, असे सांगितले आहे. ह्या लेखाच्या गिरनार येथील प्रतीत ‘पूर्वीचे राजे’ ह्या अर्थी ‘राजन्’ शब्दाचे बहुवचन आहे. काल्सीच्या प्रतीत त्याच जागी ‘देवानांप्रिय’ शब्दाचेच बहुवचन आहे. शिकारीची हौस करणाऱ्या, अशोकाच्या दृष्टीने टीकेस पात्र अशा पूर्वीच्या राजांनाही तो हाच शब्द लावतो! म्हणजे त्याच्या कारकुनांच्या भाषेत ‘देवानांप्रिय’ हा ‘राजा’ ह्या शब्दाचा जवळजवळ पर्याय होता. ह्याच आठव्या शासनाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना वसईजवळच्या सोपाऱ्याला मिळाला, हे महाराष्ट्रातील अभ्यासकांना परिचित आहे. राजाला देवांचा लाडका म्हणण्याची ही पद्धत अशोकाने निर्माण केली नाही. रूढ असलेली त्याने उचलली, एवढे ह्यावरून निश्चित म्हणता येते.

शब्दाचा प्रसार राजांपुरताही राहिला नाही. जैन आगमांच्या अर्धमागधीत ‘देवाणुप्पिय’ हे संबोधन विपुल आढळते. तेथे राजा राणीला, राणी राजाला, गृहस्थ सेवकाला, सेवक धन्याला ह्याच शब्दाने हाक मारतो. टीकाकारांनी त्याचे संस्कृत रूप ‘देवानुप्रिय’ असे केले आहे; परंतु शब्दाची वागणूक पाहता तो आपल्याच शब्दाचा आप्त आहे ह्यात संशय नाही. मराठीत ‘महाराज’, ‘राव’, ‘साहेब’ हे शब्द जसे सिंहासनावरून उतरून बाजारात आले, तसाच हा प्रवास होय. जो मान सर्वांस मिळतो त्याचे वजन उतरते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी. पुढील अर्थान्तराची ती पहिली पायरी आहे.

३

आता व्याकरणाकडे वळू. समास होताना पूर्वपदाची विभक्ती सामान्यतः लोप पावते. ‘देवांचा प्रिय’ ह्याचे ‘देवप्रिय’ व्हावे. काही ठिकाणी ती लोप पावत नाही. ‘युधिष्ठिर’, ‘सरसिज’ ही ओळखीची उदाहरणे. असा लोप न होण्याचा विचार पाणिनीने सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात केला आहे. तेथील एकविसावे सूत्र सांगते की, आक्रोश म्हणजे निंदा गम्यमान असता षष्ठीचा लोप होत नाही. काशिकावृत्तीने ह्याचे उदाहरण ‘चौरस्यकुल’ असे दिले आहे. निंदा नसेल तर ‘ब्राह्मणकुल’ असा साधा समास होतो. पुढच्याच सूत्रात ‘दास्याःपुत्र’ ही शिवी येते. अशा ह्या शेजारात कात्यायनाच्या एका वार्तिकाने ‘देवानांप्रिय’ हा शब्द आणून बसविला आहे.

वरवर पाहता येथेच वाद मिटावा. निंदेच्या सूत्राखाली आलेला शब्द निंदाव्यंजकच असणार, असे कोणीही म्हणेल. पण बारकाईने पाहता तर्क उलट दिशेने जातो. ‘देवानांप्रिय’ ही जर कात्यायनाच्या काळी शिवी असती तर पाणिनीच्या सूत्रानेच तिची सोय झाली होती. निराळे वार्तिक करण्याचे प्रयोजन उरले नसते. वार्तिककार सूत्रात भर घालतो ती सूत्राच्या कक्षेत न येणारे प्रयोग साधण्यासाठी. षष्ठीचा लोप तर झालेला नाही, आणि निंदाही नाही, अशा शब्दांचे काय करावयाचे, हीच त्याची अडचण आहे.

ह्या वार्तिकाचे सोबती पाहिले म्हणजे ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. त्याच सूत्रावर ‘वाचोयुक्ति’, ‘दिशोदण्ड’ आणि ‘पश्यतोहर’ हे शब्द एका वार्तिकाने साधले आहेत. दुसऱ्याने ‘आमुष्यायण’, म्हणजे अमक्या प्रसिद्ध पुरुषाचा वंशज, हा गौरवाचा शब्द. आणखी वार्तिकांनी ‘शुनःशेप’ व ‘दिवोदास’ ही वैदिक नावे. ह्यांतील ‘पश्यतोहर’, डोळ्यांदेखत चोरणारा, एवढ्या एकाच शब्दात निंदेची छटा आहे. बाकी सारे शब्द तटस्थ किंवा प्रतिष्ठेचे आहेत. राजा दिवोदास आणि ऋषी शुनःशेप ह्यांना कोणी शिवी मानीत नाही. मग त्यांच्याच पंक्तीत बसलेल्या ‘देवानांप्रिया’ला तेवढी ती का मानावी?

४

पतंजलीचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी १५० च्या सुमारास धरतात. म्हणजे अशोकानंतर शतकाच्या आतबाहेर. मौर्यांची सत्ता जाऊन शुंगांची आली होती, यज्ञसंस्थेला पुन्हा राजाश्रय मिळाला होता. अशोकाच्या स्मृतीविषयी वैदिकांच्या मनात राग असेलच तर तो ताजा असण्याचा हाच काळ. महाभाष्यात ह्या शब्दाची स्थिती काय आहे?

पाचव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातील चौदाव्या सूत्रावर, ‘भवत्’ आदी शब्दांशी योग असता काही प्रत्यय होतात असे सांगताना, हे ‘भवदादि’ शब्द कोणते असा प्रश्न भाष्यकार करतो, आणि चार शब्द देतो : भवान्, दीर्घायु, देवानांप्रिय आणि आयुष्मान्. हे चारही आदराची संबोधने आहेत. ज्याने श्रमण-ब्राह्मणांचे वैर शाश्वत म्हणून नोंदविले, त्याच पतंजलीने ‘देवानांप्रिय’ हा शब्द ‘आपण’ आणि ‘आयुष्मान्’ ह्यांच्या मध्ये ठेवला आहे. द्वेषाने अर्थ बदलल्याच्या कल्पनेस ह्याहून मोठा प्रतिकूल पुरावा मिळणे कठीण.

परंतु महाभाष्यातील दुसरे एक स्थळ ह्या कल्पनेच्या बाजूने दाखविले जाते. ते टाळून चालणार नाही. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादातील छप्पन्नाव्या सूत्रावरील तो प्रसिद्ध संवाद होय. एक वैयाकरण रथ पाहून विचारतो की, ह्या रथाचा ‘प्रवेता’ कोण? ‘अज्’ धातूला ‘वी’ आदेश करून नियमाप्रमाणे सिद्ध केलेले ते रूप आहे. सारथी उत्तरतो, आयुष्मन्, ह्या रथाचा ‘प्राजिता’ मी. वैयाकरण लगेच म्हणतो की, हा अपशब्द झाला. त्यावर सारथी म्हणतो की, देवानांप्रियांना नियमाने काय प्राप्त होते ते कळते, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. हे रूप लोकांना इष्ट आहे. वैयाकरण चिडतो आणि ह्या ‘दुरुता’ने आपल्याला पीडा दिली असे म्हणतो; ‘सूत’ शब्द ‘वेञ्’ धातूपासून आला असे समजून त्याने ही निंदा घडविलेली असते. सारथी शांतपणे सांगतो की, ‘सूत’ शब्द ‘वेञ्’ पासून नाही. निंदाच करावयाची असेल तर ‘दुःसूत’ असे म्हणावे.

येथे ‘देवानांप्रिय’ शब्दात मूर्ख हा अर्थ आहे असे अनेकांना वाटते, आणि तसे वाटण्यास प्रसंग अनुकूल आहे ह्यात शंका नाही. तथापि तीन गोष्टी विचारात घ्याव्या लागतात.

एक म्हणजे, सारथ्याने त्या वैयाकरणाला प्रथम ‘आयुष्मन्’ म्हटले आहे आणि मग ‘देवानांप्रिय’. हे दोन्ही शब्द वर सांगितलेल्या भवदादि यादीतीलच आहेत. एकाच बोलणाऱ्याने एकाच माणसाला एकाच यादीतील दोन शब्द लावले असता पहिला आदराचा आणि दुसरा शिवीचा असे मानण्यास स्वतंत्र कारण हवे.

दुसरी गोष्ट, सारथी हा दर्जाने खालचा आहे. विद्वानाला तोंडावर मूर्ख म्हणणे त्याच्या भूमिकेला शोभत नाही. आणि विनोदाची गंमतही त्यामुळे जाते. तो मर्यादा न सोडता बोलतो, आणि जे बोलतो ते अचूक असते, ह्यातच प्रसंगाची धार आहे. डंख संबोधनात नाही, विधानात आहे.

तिसरी गोष्ट माझ्या मते निर्णायक आहे. ह्या संवादात निंदा कशी करावी हा प्रश्न उघडपणे चर्चिला आहे. वैयाकरण निंदा करू जातो तेव्हा ‘दुर्’ उपसर्ग लावून शब्द घडवितो. सारथी त्याला निंदेचे शुद्ध रूप शिकवितो. निंदावाचक शब्दाची एवढी चिकित्सा जेथे चालली आहे, तेथे ‘देवानांप्रिय’ हीही निंदाच असती तर त्या वैयाकरणाने ती मुकाट्याने गिळली नसती. भाष्यकारानेही तिची दखल घेतली असती. तसे काही झालेले नाही. हा शब्द त्या प्रसंगी कोणाला टोचला नाही, कारण तो अजून टोचणारा नव्हता.

ह्यापलीकडे जाऊन हेही कबूल केले पाहिजे की, ज्या तऱ्हेच्या प्रसंगी हा शब्द येथे वापरला आहे, त्याच तऱ्हेच्या प्रसंगांनी तो पुढे टोचणारा बनला. प्रतिपक्षाचे अज्ञान दाखवावयाचे आणि त्याला आदराने संबोधावयाचे, अशी ही रीत आहे. वादाच्या सभेत ती शतकानुशतके चालली. जुन्या मराठी नियतकालिकांतील वाद वाचणाऱ्यांस ‘आमचे विद्वान मित्र’ हे शब्द आले की पुढे काय येणार ते कळते. ‘मोठा शहाणा आहेस’ हे वाक्य मराठीत शहाण्या माणसाला सहसा कोणी म्हणत नाही. शब्द आदराचा, स्थान खंडनाचे. असा योग वारंवार आला म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ झिजतो आणि प्रसंगाचा अर्थ त्यास चिकटतो.

५

पतंजलीनंतर बराच काळ ‘मूर्ख’ ह्या अर्थाची नोंद आढळत नाही. अमरकोशात मूर्खाला मूढ, यथाजात, वैधेय, बालिश असे पर्याय दिले आहेत. ‘देवानांप्रिय’ त्यांत नाही. सातव्या शतकातील काशिकेने कात्यायनाचे वार्तिक घेतले, षष्ठीचा लोप होत नाही एवढे सांगितले, आणि शब्दाचे उदाहरण देऊन ती पुढे गेली. ‘मूर्ख’ हे पद तिने जोडले नाही. अशोकापासून काशिकेपर्यंत सुमारे नऊशे वर्षे होतात. एवढा काळ जो द्वेष कोशात वा वृत्तीत कोठेही उमटला नाही, त्यालाच ह्या अर्थाचे जनकत्व द्यावयाचे हे कालक्रमाशी विसंगत आहे.

उपहासाचा स्पष्ट प्रयोग शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील आठव्या सूत्रावर, आढळतो. ब्रह्म जर जीवाप्रमाणेच हृदयात राहते तर त्यालाही सुखदुःखाचा भोग घडेल, असा आक्षेप घेणाऱ्याला उद्देशून, ह्या देवानांप्रियाला आधी एक विचारले पाहिजे, अशा अर्थाने आचार्य उत्तराला आरंभ करतात. येथे दोन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. हा आक्षेपक बौद्ध नाही. उपनिषदांचा अर्थ लावतानाच उद्भवणारी ती शंका आहे. आणि येथेही शब्दाचा कोशातील अर्थ ‘मूर्ख’ असा झालेला आहे असे म्हणण्याची गरज नाही. ‘ह्या शहाण्या गृहस्थांना विचारू या’ एवढाच त्याचा स्वर आहे. आदराचा वेष अजून उतरलेला नाही. आतील उपहास मात्र आता सर्वांना दिसतो.

तो वेष उतरलेला दिसतो अकराव्या शतकात, मम्मटाच्या काव्यप्रकाशात. पाचव्या उल्लासात व्यंजनावृत्ती नाकारणाऱ्यांचे खंडन करताना, तात्पर्याच्या वचनाचेच तात्पर्य ज्यांना कळले नाही अशा त्या लोकांना मम्मट ‘देवानांप्रिय’ म्हणतो. येथे शब्द संबोधन राहिला नाही, विशेषण झाला आहे. विधानाचाच भाग बनला आहे. महाभाष्यात डंख विधानात होता आणि शब्द निर्दोष होता. मम्मटाकडे शब्द स्वतःच डंख झाला. गंमत अशी की, त्याच वाक्यात मम्मटाने ‘वाचोयुक्ति’ हाही शब्द वापरला आहे. षष्ठीच्या अलुक् प्रकरणातील वार्तिकांचे हे दोन शेजारी एका वाक्यात येणे सहज घडले असेल. पण मम्मटासारख्या व्याकरणनिष्ठ लेखकाच्या मनात ते सूत्र त्या वेळी जागे होते, अशी शंका येते. येथेही प्रतिपक्ष बौद्धांचा नाही. मीमांसेच्या आधाराने बोलणाऱ्या अभिधावाद्यांचा आहे.

बाराव्या शतकात हेमचंद्राने अभिधानचिन्तामणीत मूर्खवाचक शब्दांच्या यादीत ‘देवानांप्रिय’ घातला आणि अर्थ कोशात स्थिरावला. हेमचंद्र जैन आचार्य. ज्यांच्या आगमांत ‘देवाणुप्पिय’ हे नित्याचे संबोधन आहे त्या परंपरेतील पंडितानेच हा अर्थ नोंदवावा, ह्यावरून त्या काळी तो संप्रदायनिरपेक्ष, सर्वांच्या संस्कृतातील रूढ अर्थ होता असे दिसते. जैन टीकाकारांनी आपल्या शब्दाचा विग्रह ‘देवानुप्रिय’ असा निराळा केला, त्यामागे हा उतरलेला अर्थ टाळण्याची इच्छा असू शकेल. परंतु हा केवळ तर्क आहे.

अखेर भट्टोजी दीक्षितांनी, सोळाव्या शतकाच्या शेवटी किंवा सतराव्याच्या आरंभी, वार्तिकालाच ‘मूर्ख ह्या अर्थी’ अशी अट जोडली आणि अन्यत्र ‘देवप्रिय’ असे रूप करावे असे ठरविले. ह्या अटीचे मूळ शोधावयास फार दूर जावे लागत नाही. शब्द आक्रोशाच्या सूत्राखाली शतकानुशतके बसला होता. वादसभेने त्यास उपहासाचा रंग दिला होताच. मग सूत्रातील ‘आक्रोश’ ह्या पदाची अनुवृत्ती वार्तिकातही येते असे समजणे नंतरच्या वैयाकरणांना स्वाभाविक वाटले. कात्यायनाने जो शब्द सूत्राच्या कक्षेबाहेरचा म्हणून निराळा साधला, तोच आता सूत्राच्या कक्षेत ओढला गेला. शेजाराचा गुण लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

राहिला प्रश्न समर्थनाचा. देवांना मूर्ख का प्रिय असावेत, ह्याचे उत्तर कौमुदीच्या परंपरेतील टीकाकार देतात : मूर्ख हे देवांचे पशू असतात. ह्याचा आधार बृहदारण्यकोपनिषदातील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या ब्राह्मणात आहे. देवता निराळी आणि मी निराळा असे मानून जो उपासना करतो तो देवांना पशूसारखा उपयोगी पडतो. म्हणून मनुष्यांना ब्रह्मज्ञान व्हावे हे देवांना रुचत नाही, असे तेथे म्हटले आहे. विचार मोठा मार्मिक आहे. पण त्या उपनिषदात हा शब्द त्या संदर्भात आलेला नाही. अर्थ आधी बदलला आणि त्याची उपपत्ती नंतर शोधली गेली. व्युत्पत्तीच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. अशोकद्वेषाची आधुनिक उपपत्ती आणि देवपशूची पारंपरिक उपपत्ती ह्या दोन्ही, ह्या दृष्टीने, एकाच जातीच्या आहेत.

६

अशा प्रकारचे अर्थान्तर अपवादात्मक नाही. संस्कृतातच ‘तपस्विन्’ शब्द तप करणाऱ्यावरून ‘बिचारा’ ह्या अर्थावर आला. नाटकांत विदूषकाला थट्टेने ‘महाब्राह्मण’ म्हणतात. इंग्रजीतील ‘सिली’ हा शब्द मूळचा ‘धन्य’, ‘देवाची कृपा असलेला’ ह्या अर्थाचा. फ्रेंचमधील ‘क्रेतँ’ म्हणजे मतिमंद हा शब्द ‘ख्रिस्ती’ ह्या अर्थाच्या शब्दाचे बोलीरूप आहे. तेथे कोणा धर्मद्वेष्ट्याने शब्द बिघडविले नाहीत. ख्रिस्ती माणसांनीच, करुणेने बोलता बोलता, ते त्या अर्थावर आणले. मराठीत ‘देवभोळा’ हा शब्द भक्ताची स्तुती करतो की त्याच्या बुद्धीविषयी शंका घेतो, हे बोलणाराच्या स्वरावर अवलंबून असते. देवाशी जवळीक आणि व्यवहारात कमकुवतपणा ह्यांची सांगड माणसाच्या मनात फार जुनी आहे.

उलट दिशेचे उदाहरणही घरातलेच आहे. ‘मुह्’ धातूपासून ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ अशी दोन्ही रूपे होतात. पाणिनीने त्यांचा विकल्प आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, तेहतिसाव्या सूत्रात सांगितला आहे. एकाच धातूची, एकाच प्रत्ययाची ही दोन अपत्ये. त्यांतील ‘मूढ’ मूर्खात जमा झाला आणि ‘मुग्ध’ सौंदर्याचे विशेषण बनला. शब्दाचे भवितव्य त्याच्या धातूत नसते, तो कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी राहिला ह्यात असते. ‘देवानांप्रिय’ शब्दाची हकीकत हेच सांगते.

ह्यावर एक आक्षेप घेता येईल : मम्मटाच्या काळापर्यंत पंडितांना अशोकाचे बिरुद माहीत असेल, आणि त्यांनी जाणूनबुजून ते वापरले असेल. असंभव काही नाही. पण इसवी सन १५० च्या सुमारास कोरलेल्या रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात सुदर्शन तलावाच्या संदर्भात अशोकाचा उल्लेख येतो तो ‘मौर्य’ ह्या कुलनामाने, निंदेचा लवलेशही नसता. आणि पुढील काळात अशोकाच्या लेखांची लिपीच वाचकांच्या आटोक्याबाहेर गेली. जे बिरुद दगडावर असून वाचता येत नव्हते त्याचा सूड घेण्याची कल्पना पुराव्यावाचून स्वीकारता येत नाही. तसा पुरावा, म्हणजे अशोकाला उद्देशून हा शब्द ‘मूर्ख’ ह्या अर्थी योजल्याचे एखादे स्थळ, कोणी दाखविल्यास प्रस्तुत निष्कर्षाचा फेरविचार करावाच लागेल.

७

निष्कर्ष थोडक्यात असा. ‘देवानांप्रिय’ हे प्रथम राजांचे बिरुद, मग सामान्य आदराचे संबोधन. कात्यायन आणि पतंजली त्यास ह्याच रूपात ओळखतात. वादग्रंथांतील उपहासाने त्याचा आदर पोखरला. आक्रोशाच्या सूत्राशी असलेल्या सान्निध्याने त्या उपहासाला व्याकरणाची मान्यता दिली. आणि देवपशूच्या उपपत्तीने त्यास तत्त्वज्ञानाचा आधार पुरविला. अशोकाविषयीचा द्वेष ह्या साखळीतील कोणत्याही कडीसाठी आवश्यक नाही.

ह्या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व भाषान्तरकाराला आहे. एकच शब्द म्हणून सर्वत्र एकच प्रतिशब्द देण्याचा मोह त्याने आवरला पाहिजे. अशोकाच्या लेखात ‘देवांचा लाडका’ म्हणावे. पतंजलीच्या सारथ्याच्या तोंडी ‘महाराज’ घालावे. आचार्यांच्या भाष्यात ‘हे शहाणे गृहस्थ’ असे लिहावे. आणि ‘मूर्ख’ हा शब्द मम्मट, हेमचंद्र व भट्टोजी ह्यांच्यासाठी राखून ठेवावा. सारथ्याच्या तोंडी ‘मूर्ख’ घातल्याने तो उद्धट ठरतो आणि वैयाकरणाचा पराभव एका शिवीवर येऊन थांबतो. वास्तविक त्याचा पराभव लोकव्यवहाराने केला आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे एका समासात सांगून पढतमूर्खासाठी दुसरा समास निराळा ठेवला. नियम जाणून प्रयोग न जाणणारा तो वैयाकरण ह्या दुसऱ्या वर्गातला; आणि त्याला ओळखण्यासाठी सारथ्याला शिवीची गरज पडली नाही.